आठ पासपोर्ट आणि एक भिंत: बीजिंग ते शिआन, आपलं आपण

आम्ही आठ जण. सगळे सह्याद्रीत फिरणारे, एकालाही चिनी भाषेचा गंध नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टूर कंपनीशिवाय बीजिंग, चीनच्या भिंतीचा जिनशानलिंग हा भाग, शिजियाझ्वांग, पिंगयाओ आणि शिआन असा प्रवास केला. निघण्याआधी मराठीत शोधलं तर एक तर टूर कंपन्यांच्या जाहिराती मिळत होत्या किंवा चार वर्षांपूर्वीची माहिती. म्हणून हे सगळं तारखा आणि पैशांसकट लिहून ठेवतोय.

आधी आठच का ते सांगतो. चौघं असलो तर गाडी आणि गाइड महाग पडतात. बारा झालो की एका हॉटेलात खोल्या मिळत नाहीत आणि जेवायला गेल्यावर दोन टेबलांचे दोन गट होतात. आठ जण चार खोल्यांत आणि एका गोल टेबलावर बसतात. चीनमध्ये पदार्थ मधल्या फिरत्या काचेवर ठेवून वाटून खायचे असतात, त्यामुळे आठ माणसांत सहा-सात पदार्थ मागवले की सगळ्यांना सगळं चाखायला मिळतं. गाडीचं गणित मात्र वेगळं. आठ माणसं आणि आठ बॅगा नऊ सीटच्या गाडीत मावत नाहीत, चौदा सीटची सांगावी लागते.

तारीख ठरवताना एकच गोष्ट पक्की होती: १ ऑक्टोबर टाळायचा. त्या आठवड्यात चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि सगळा देश फिरायला निघतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या शाळांना सुट्टी, शिवाय उकाडा. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली की ८ ला निघायचं आणि नवरात्र बसायच्या आत परत यायचं, असं ठरलं. मधला काळ पितृपक्षाचा. दोघांच्या घरी कुरबुर झाली, पण त्याच कारणाने मुंबईहून तिकिटं स्वस्त मिळाली असा माझा संशय आहे.

विमानाची तिकिटं जूनमध्ये काढली. जाताना मुंबई–हाँगकाँग–बीजिंग, येताना शिआन–हाँगकाँग–मुंबई, माणशी ५२,००० रुपये. जाण्याचं शहर वेगळं आणि परतीचं वेगळं घेतलं, म्हणून शिआनहून बीजिंगला उलटं यायचा एक दिवस आणि रेल्वेचे पैसे वाचले. हाँगकाँगला फक्त विमान बदलायचं असेल आणि विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर भारतीयांना वेगळी नोंदणी लागत नाही. बाहेर पडून शहर बघायचं असेल तर ती ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. आणखी एक खाचखळगा आहे. तुमचा चीनचा व्हिसा एका प्रवेशाचा असेल आणि मध्येच दोन दिवस हाँगकाँगला जाऊन यायचा बेत असेल, तर हाँगकाँगला गेलात की तो व्हिसा संपला. परत मुख्य चीनमध्ये शिरता येत नाही. आमच्या वेळी थेट विमानं नव्हती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कोलकाता–ग्वांगझो थेट सेवा सुरू झाली, आता पर्याय वाढलेत.

व्हिसाची कागदपत्रं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमवली. पर्यटकांचा व्हिसा ‘एल’ प्रकारचा. आमच्या वेळी, २०२५ मध्ये, फॉर्म ऑनलाइन भरायचा, छापून सही करायची आणि पासपोर्टसह व्हिसा केंद्रात नेऊन द्यायचा, अशी पद्धत होती. फॉर्म लांबलचक आहे: शिक्षण, नोकऱ्यांचा इतिहास, आईवडील, जोडीदार, मुलं, आधीचा परदेशप्रवास आणि प्रत्येक रात्री कुठे राहणार त्याचा पत्ता. आम्ही सोबत दिलं ते असं: विमानाची तिकिटं, सर्व रात्रींची हॉटेल बुकिंग, दिवसवार कार्यक्रम, बँकेचा शिक्का मारलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, नोकरदारांसाठी ऑफिसचं रजेचं पत्र, निवृत्तांसाठी पेन्शनचा कागद. फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोच्या मापाचा चालत नाही, फोटोवाल्याला माप लिहूनच द्या.

११ ऑगस्टला आठ फायली घेऊन गेलो, त्यांतल्या तीन परत आल्या. तिन्ही वेळा चूक आमचीच. एका फोटोत पार्श्वभूमी किंचित निळसर होती. एकाने नोकरीच्या इतिहासात दोन वर्षांचा खंड तसाच सोडला होता. तिथे ‘बेरोजगार’ असं लिहिलं तरी चालतं, रिकामं चालत नाही. तिसरी चूक जास्त मराठी होती. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव त्याच रकान्यात असतं. फॉर्म भरताना आमच्यातल्या एकीने सवयीने मधलं नाव वगळलं. पासपोर्टवर जे अक्षरशः छापलंय तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे: व्हिसा, विमान, रेल्वे, राजवाड्याचं तिकीट. हे वाक्य आम्ही ग्रुपवर पिन करून ठेवलं. तिघांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त फॉर्म दिले. आमच्या वेळी बोटांचे ठसे घेतले नाहीत. १५ ऑगस्टची सुट्टी मध्ये आली तरी २० तारखेपर्यंत आठही पासपोर्ट हातात आले. फी आणि केंद्राचं सेवाशुल्क मिळून माणशी पाच हजारांच्या आसपास गेले. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फक्त ‘मोफत रद्द करता येईल’ अशीच घ्या.

मधल्या काळात तिबेटचा विषय निघाला होता. त्यासाठी चिनी व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो, तो एजन्सीमार्फतच मिळतो आणि परदेशी माणसाला तिथे गाइडशिवाय फिरता येत नाही. बारा दिवसांत ते बसवणं म्हणजे नुसती पळापळ. सोडून दिलं.

आता फोन आणि पैसे. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. चीनमध्ये गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. पण भारतीय नंबरचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा हाँगकाँगमार्गे चालणारं ई-सिम घेतलं तर सगळं चालतं, कारण तुमचा डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो. हॉटेलच्या वायफायवर गेलात की बंद. गूगलच्या नकाशावर विसंबू नका. चीनमधले नकाशे वेगळ्या निर्देशांक-पद्धतीवर बेतलेले असतात, त्यामुळे तुमचा निळा ठिपका काहीशे मीटर सरकून भलत्याच गल्लीत दिसतो. आयफोनचा स्वतःचा नकाशा तिथे नीट चालतो. आमच्यात दोन आयफोन होते, त्या दोघांना आपोआप वाटाड्याचं काम लागलं.

यूपीआय नाही, रुपे कार्ड नाही. वीचॅट या गप्पा आणि पैसे दोन्हींच्या चिनी अॅपवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे तो पर्याय आपल्याला जवळपास बंदच. राहिलं अलीपे, हे मोबाइलवरून पैसे द्यायचं दुसरं चिनी अॅप. त्यात पासपोर्टचा फोटो देऊन पडताळणी करायची आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँक कार्ड जोडायचं. हे घरून, निघायच्या किमान पंधरा दिवस आधी करा. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा आणि ओटीपी येणारं सिम सोबत चालू राहील असं बघा. आमच्या आठांपैकी दोघांची कार्डं जोडलीच गेली नाहीत. वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं असतील तर एक तरी जोडलं जातं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे वेगळं शुल्क घेत नाही, त्यावर ३ टक्के घेतं. म्हणून जेवणाचं ३६० युआनचं बिल आम्ही दोघांत फोडून देत होतो. दुकानदार हसायचे, पण हरकत कुणी घेतली नाही. आमच्या वेळी एक युआन सव्वाबारा-साडेबारा रुपयांना पडत होता, वर बँकेचा मार्कअप वेगळा. प्रत्येकाकडे ५०० युआन रोख होते. ते लागले फक्त देवळाच्या दानपेटीत आणि भिंतीवर पाणी विकणाऱ्या बाईंकडे.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. आमच्या वेळी १० लाखांपर्यंत ५ टक्के होता. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण पैसे तोवर अडकून राहतात. आपण स्वतः विमान आणि हॉटेल बुक केलं की हा प्रश्न येत नाही.

रेल्वेची तिकिटं चिनी रेल्वेच्या अधिकृत १२३०६ या अॅपवर काढली. त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. खातं उघडून पासपोर्टची पडताळणी व्हायला आम्हाला तीन दिवस लागले. विक्री प्रवासाच्या पंधरा दिवस आधी सुरू होते, खरेदीचा दिवस धरून. १४ सप्टेंबरची गाडी म्हणजे ३१ ऑगस्टला तिकीट. त्या दिवशी नेमकं गौरी आवाहन. एका हातात गौरीचं सूप आणि दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवस्थेत तिकिटं निघाली. दिवसाची कोणती वेळ हे स्टेशनागणिक वेगळं असतं, अॅपमध्ये आधी बघून ठेवा. दुसऱ्या वर्गात एका ओळीत ए-बी-सी आणि डी-एफ अशा पाच जागा असतात. ई नसतेच, शोधत बसू नका. आम्ही एक पूर्ण ओळ आणि पुढच्या ओळीतल्या तीन जागा अशा घेतल्या. रद्द करायचं झालं तर आठ दिवस आधीपर्यंत काहीच कापत नाहीत, पुढे ५, १० आणि शेवटच्या चोवीस तासांत २० टक्के. दलाल संकेतस्थळांवर हेच तिकीट वरकमाई लावून मिळतं. घाई असेल तर तेही ठीक.

कागदी तिकीट नसतं. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित गेट आपला पासपोर्ट वाचेलच असं नाही, तेव्हा बाजूला माणूस बसलेल्या गेटवर जायचं. गेट गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि मग रडून उपयोग नाही. आत शिरतानाच बॅगा तपासतात. बीजिंग वेस्टला आमचे दोन डिओडरंट गेले. ज्वलनशील स्प्रेच्या डब्याला मापाची मर्यादा असते आणि आपले काही डबे तीत बसत नाहीत. फळं कापायची मोठी सुरीही काढून घेतात. पॉवर बँक रेल्वेत चालते, पण जून २०२५ च्या अखेरपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राची ‘थ्री सी’ खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्यांवर ती सहसा नसते. तुमच्या बेतात एखादं अंतर्गत विमान असेल तर पॉवर बँक घरीच ठेवा.

राजवाड्याचं, म्हणजे निषिद्ध नगरीचं तिकीट ही खरी कसोटी. तिथे दाराशी तिकीट मिळत नाही. सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता विक्री उघडते. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. उन्हाळी हंगामात ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. सोमवारी बंद. ११ सप्टेंबर गुरुवारसाठी आम्ही ४ सप्टेंबरला दोन मोबाइलवर बसलो, एकावर चार आणि दुसऱ्यावर चार. आठही पासपोर्ट नंबर आधीच एका कागदावर टाइप करून ठेवले होते, नुसते चिकटवायचे. तरी दुसऱ्या फोनवर सकाळची वेळ संपली आणि दुपारची मिळाली. तुम्ही जाल तेव्हा वेळ विचारात न घेता आधी तारीख पकडा.

८ तारखेच्या रात्री निघालो, ९ ला संध्याकाळी बीजिंग. विमानातच एक कागदी प्रवेश-पत्र भरायला देतात. नोव्हेंबर २०२५ पासून ते ऑनलाइनही भरता येतं. पहिल्या हॉटेलचा पत्ता आणि फोन चिनी लिपीत छापून ठेवा, तो इमिग्रेशनलाही लागतो आणि टॅक्सीवाल्यालाही. खाण्याचं सामान नेताना ताजी फळं आणि दूध-दुभतं टाळा, सीमाशुल्कवाले काढून घेतात. त्यामुळे विसर्जनाच्या प्रसादातले उरलेले पेढे मुंबईतच संपवावे लागले.

११ ला राजवाडा. प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमेन दरवाज्यातून, बाहेर पडायचं उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या दाराने. म्हणजे बॅग किंवा माणूस मागे राहिलं तर परत फिरता येत नाही. १४०६ ते १४२० या काळात बांधलेला हा राजवाडा मिंग आणि छिंग घराण्यांच्या २४ सम्राटांनी वापरला. मधल्या मोठ्या महालांसमोर दहा जणांच्या खांद्यांवरून बघावं लागतं. पण बाजूच्या पूर्व-पश्चिम अंगणांत गर्दी निम्मीही नसते. त्या दिवसाला परवानाधारक स्थानिक गाइड घेतला, ८०० युआन, म्हणजे माणशी १००. आठ जणांना गाइडचा आवाज कानात यंत्र न घालताही ऐकू येतो. उत्तरेच्या दारातून बाहेर पडलं की समोर जिंगशान टेकडी, तिकीट २ युआन. राजवाड्याचा खंदक खणताना निघालेल्या मातीची ती टेकडी आहे. वरून पिवळ्या कौलांचं अख्खं नगर दिसतं. साडेपाचला चढा.

१२ ला भिंत. इथे आमचा एक वाद झाला, तो मांडतो कारण तुमच्यातही होईल. गटातल्या तिघांना जियानकोऊचा ढासळलेला, डागडुजी न केलेला भाग चढायचा होता. फोटो जबरदस्त येतात यात शंका नाही. पण २००६ च्या भिंत-संरक्षण नियमांनुसार पर्यटनासाठी न उघडलेल्या भागावर असे उपक्रम करायला बंदी आहे. आपल्याकडे गडाच्या तटावर चढून सुटणारा एक दगड काय करतो हे आपण पाहिलेलं आहे. तिथे विटा चारशे वर्षांच्या, गवतात अडकलेल्या. २०२३ मध्ये शान्शी प्रांतात दोघांनी जवळचा रस्ता हवा म्हणून भिंतीतून चक्क खोदयंत्र घातलं होतं. पाय हे लहान खोदयंत्रच. शेवटी जिनशानलिंग ठरलं: अधिकृत, निम्मं डागडुजी केलेलं, निम्मं जुनं ठेवलेलं आणि बादालिंग या नेहमीच्या गर्दीच्या भागाच्या मानाने ओसाड.

बीजिंगपासून जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, तिकीट ६५ युआन. जायची-यायची गाडी १,६०० युआनला ठरवली, रात्र पायथ्याच्या गावात. गावातलं घरगुती मुक्कामाचं ठिकाण ठरवताना एकच प्रश्न आधी विचारा: परदेशी पासपोर्टची पोलिसांकडे नोंद करता का? चीनमध्ये परदेशी माणसाची मुक्कामाच्या जागी चोवीस तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेलं ती स्वतः करतात, लहान घरांना कधी जमत नाही. आमचं पहिलं ठिकाण याच कारणाने गळालं, भाषांतर करणाऱ्या अॅपवर तीन संदेश पाठवल्यावर कळलं. दुसरं मिळालं. ते जास्त साधं होतं आणि सकाळी मक्याची पेज मिळाली.

जिनशानलिंगचा भाग सुमारे साडेदहा किलोमीटरचा, त्यावर ६७ बुरूज. मिंग सेनापती छी जीग्वांगच्या देखरेखीखाली सोळाव्या शतकात हा भाग बळकट झाला. आम्ही मधल्या दाराने चढून पूर्वेकडे चाललो, रमतगमत साडेचार तास. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, एक वीतभर तर पुढची गुडघ्याला लागणारी. आपल्या सह्याद्रीतल्या कातळपायऱ्यांची सवय असली तरी उतरताना मांड्या बोलतात. बुरुजांकडे जाणाऱ्या चढावर पायऱ्यांच्या अर्ध्या रुंदीत आडव्या विटांच्या भिंती आहेत. शत्रू भिंतीवर चढलाच तर सैनिकांनी एकेका आडोशामागे मागे सरत लढायचं, अशी योजना. काही विटांवर अक्षरं उमटवलेली आहेत: कोणत्या वर्षी, कोणत्या सैन्यतुकडीने भाजली. बोट न लावता वाका, तिरप्या उन्हात अक्षरं वर येतात. सांध्यांतला चुना पांढरा आणि कडक आहे; मिंग काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत.

भिंतीवर गावातल्या बाया पाणी आणि टी-शर्ट विकतात. त्या सोबत चालत राहतात, हात देतात, माहिती सांगतात आणि शेवटी काहीतरी घ्या म्हणतात. याचा राग येणारे लोक असतात. आम्ही सुरुवातीलाच दोन बाटल्या आणि एक पंखा घेतला, पुढचा प्रवास छान झाला. कचरा खाली आणा. ड्रोन नेऊच नका. बीजिंगमध्ये उडवता येत नाही आणि इतर ठिकाणीही नोंदणी लागते.

१४ ला रविवारी बीजिंग वेस्टहून शिजियाझ्वांग, सव्वा तासाचा प्रवास, दीडशेच्या आत युआन. या शहरात पर्यटक उतरत नाहीत. आम्ही उतरलो डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकात होता. बाकीचे टप्प्याटप्प्याने परतले, हे राहिले. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत-चीन, ठेवलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. त्यांची समाधी इथल्या हुतात्मा स्मारकात आहे, कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीसोबत. स्टेशनवर पैसे देऊन बॅगा ठेवा, मेट्रोच्या ३ नंबरच्या मार्गाने शिनबाय चौकापर्यंत, तिथे १ नंबर घेऊन पश्चिमेकडे पुढचंच स्थानक. लिए-श लिंगयुआन हे स्थानकाचं नाव लक्षात ठेवा. डॉक्टरांचं चिनी नाव के दीह्वा. ते उच्चारल्यावर झाडाखाली बसलेले एक आजोबा उठले, आमच्याकडे बोट करून ‘यिंदू?’ (भारत?) म्हणाले आणि समाधीपर्यंत चालत सोबत आले. आम्ही सोबत नेलेली सुताची माळ ठेवली. कुणी फोटोसाठी ओळीत उभं राहायला सांगितलं नाही, तसेच दहा मिनिटं थांबलो.

संध्याकाळच्या गाडीने पिंगयाओ. तिथे तीन रात्री. अनेक जण एका रात्रीत आटपतात, मला ते चुकीचं वाटतं. दुपारी अकरा ते पाच गल्ल्यांत सहलींची झुंबड असते; सकाळी सातला त्याच गल्लीत म्हातारी माणसं दारात बसून शेंगा सोलत असतात. शहरात शिरायला पैसे नाहीत. तटबंदी, जुन्या पेढ्या, देवळं यांचं एकत्रित तिकीट १२५ युआन, तीन दिवस चालतं. तटबंदी सुमारे सहा किलोमीटरची, १३७० ची. या शहराला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

रिशंगचांग ही १८२३ ची पेढी आवर्जून बघा. चांदी गाडीवर लादून नेण्याऐवजी इथे कागद मिळायचा आणि दूरच्या शहरात तो दाखवून चांदी उचलायची. आपली हुंडीच. नकली कागद ओळखण्यासाठी महिने आकड्यांत लिहीत नसत. ‘खोट्या हुंडीपासून सावध राहा, शिक्का नीट बघायला विसरू नका’ अशा अर्थाची बारा अक्षरांची ओळ ठरलेली होती. पहिलं अक्षर म्हणजे पहिला महिना, दुसरं म्हणजे दुसरा. काही काळाने ओळच बदलून टाकत. आमच्यातला बँकेतला मित्र त्या फलकासमोरून हलेना.

शाकाहाराबद्दल सगळे विचारतात, म्हणून इथे थांबतो. आठांत तीन शाकाहारी, त्यांत एक कांदा-लसूण न खाणारी. ‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी. पण एवढ्याने भागत नाही, कारण भाजी चरबीत परतलेली किंवा मांसाच्या रश्श्यातली असू शकते. फोनवर चिनीत चार ओळी लिहून ठेवा: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं सूप नाही, प्राण्यांची चरबी आणि शिंपल्यांचं सॉस नाही. भरवशाचे पदार्थ: दी सान शिअन म्हणजे बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, फाय ह्वांगग्वा म्हणजे ठेचलेली काकडी, लसूण आणि व्हिनेगर घालून, शिआनच्या ल्यांगफी नावाच्या थंड नूडल्स. माफो तोफूत बहुतेक वेळा खिमा असतो, परतलेल्या फरसबीतही. कांदा-लसूण नको असणाऱ्यांसाठी बौद्ध शाकाहारी खानावळी शोधा. बौद्ध परंपरेत कांदा, लसूण आणि तशा तीव्र वासाच्या भाज्या वर्ज्यच असतात, त्यामुळे समजवावं लागत नाही. पिंगयाओत ओट्सच्या पिठाच्या नळ्यांचं खाओलाओलाओ मिळतं, वाफवलेलं, टोमॅटोच्या रश्श्यात बुडवून खायचं. रस्सा बिनमांसाचा आहे का तेवढं विचारा. शेंगदाण्याच्या चटणीने ते आणखी बरं लागलं, हे कबूल करतो. स्टीलची थर्मास बाटली न्या. स्टेशनात, गाडीत, हॉटेलात सगळीकडे उकळतं पाणी फुकट मिळतं. तयार पोहे, चहा, सूप सगळं भागतं. टिश्यू पेपर मात्र खिशात ठेवावाच लागतो, सार्वजनिक संडासात कागदही नसतो आणि नळीही.

१७ ला पिंगयाओहून शिआन नॉर्थ, साधारण तीन तास. (पिंगयाओ शान्शी प्रांतात, शिआन शाआन्शीत. तिकीट काढताना दोन्ही नावं सारखीच वाटतात, स्टेशनचं नाव बघूनच बोट टेकवा.) १८ ला मातीचे सैनिक, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेली मूर्तींची फौज, तिकीट १२० युआन. मेट्रोच्या ९ नंबरने ह्वाछिंग तलावापर्यंत आणि पुढे बस. स्टेशनबाहेर ‘थेट नेतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, भलत्याच प्रतिकृती-संग्रहालयात उतरवतात असं गाइडनेच सांगितलं. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सापडलं. सैनिक मुळात रंगवलेले होते, पण जमिनीतून निघाल्यावर लाखेचा थर काही मिनिटांत वळून रंग गळून पडतो, म्हणून बराचसा भाग अजून खणलेलाच नाही. पहिल्या खड्ड्याच्या मागच्या टोकाला, जिथे मूर्ती तुकड्यांतून जोडत असतात, तिथे गर्दी कमी आणि बघण्यासारखं जास्त.

१९ ला पाऊस. शिआनला सप्टेंबरात तो येतोच. १३.७४ किलोमीटरच्या तटबंदीवरून सायकल फिरवायचा बेत बारगळला. ओल्या दगडावर सायकली देत नाहीत, ५४ युआनचं तिकीट मात्र काढून झालं होतं. चालत एक बाजू केली. मग मोठ्या जंगली हंसाचा पॅगोडा, ६५२ मध्ये ह्युएन त्संगने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी बांधलेला. हाच माणूस सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, पुलकेशी दुसरा राजा असताना, आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. पुतळ्यासमोर छत्र्या सावरत आठ जण उभे होतो, तेव्हा यावर बराच वेळ चर्चा झाली.

बाजारात जुनी नाणी आणि ‘छिंगकालीन’ वाट्या दाखवतात. बहुतेक नकली असतात, आणि खरी असेल तर १९११ पूर्वीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. आम्ही शान्शीचं काळं व्हिनेगर आणि कागदी कात्रणं घेतली. व्हिनेगर चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.

हिशोब असा: विमान ५२,०००, व्हिसा ५,०००, विमा आणि ई-सिम मिळून ३,०००. तिथला खर्च, अकरा रात्रींचं राहणं (दोघांत एक खोली), रेल्वे, तिकिटं, दोन दिवसांचे गाइड, भिंतीची गाडी, जेवण आणि मेट्रो धरून, माणशी सुमारे ४,७०० युआन. कार्डाचा मार्कअप धरून एकूण १,२०,००० रुपयांच्या आसपास. खर्चाचा हिशोब एकाच माणसाकडे, पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याकडे. पिंगयाओहून निघताना आठही पासपोर्ट ‘सुरक्षित’ म्हणून एका पाकिटात ठेवले होते आणि ते पाकीट हॉटेलच्या काउंटरवर राहिलं. काउंटरवरची मुलगी इलेक्ट्रिक स्कूटरवर मागून आली, आम्ही गाडीतळापर्यंतच पोचलो होतो.

२१ तारखेला सकाळी मुंबई. सर्वपित्री अमावस्या होती, एकाला थेट विमानतळावरून घरच्या पानावर पोचायचं होतं. तो पोचला.